मोबाइलच्या नोंदी, मुंबईची वर्दळ आणि रोगराई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोबाइल कंपन्यांकडे साठणाऱ्या नोंदींतून शहराची वर्दळ मोजता येते आणि ती मोजणी साथ रोखायला उपयोगी पडते, असं कुठे बोललं की प्रश्नांचा ओघ सुरू होतो. डॉक्टर विचारतात, विद्यार्थी विचारतात, सोसायटीचे सेक्रेटरी विचारतात. सगळ्यात जास्त विचारतात ती आपल्या फोनची काळजी वाटणारी साधी माणसं. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत, सोपे आधी आणि अडचणीचे नंतर. कुठलंही उत्तर एकटं वाचलं तरी चालेल. एकाचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा अभ्यास म्हणजे नेमकं काय? माझं बोलणं कोणी ऐकतं का?

नाही. बोलणं, मेसेज, फोटो यांतलं काहीही यात लागत नाही. तुम्ही फोन केला, उचलला, एसएमएस पाठवला किंवा नेट वापरलं की कंपनीकडे एक ओळ लिहिली जाते: कुठला नंबर, किती वाजता, किती वेळ, कुठल्या टॉवरवरून. या नोंदींना सीडीआर (कॉल डिटेल रेकॉर्ड) म्हणतात आणि त्या मुळात बिलासाठी ठेवल्या जातात. अभ्यासासाठी त्यांतले नंबर काढून नुसती बेरीज केली जाते. मंगळवारी सकाळी आठ ते नऊ या तासात डोंबिवलीच्या टॉवरांवरची किती सिम पुढे परळच्या टॉवरांवर दिसली, अशी. अभ्यासकाच्या हाती येतो तो एक मोठा तक्ता. एका बाजूला निघण्याची ठिकाणं, दुसऱ्या बाजूला पोचण्याची, मधल्या चौकटींत आकडे. साथीच्या गणिताला एवढं पुरतं. त्या आकड्यात तुम्ही आहात की तुमचा शेजारी, याने उत्तरात काहीच फरक पडत नाही.

२. फोन नुसता खिशात असला तरी नोंद होते का? लोकेशन बंद ठेवलं तर?

लोकेशन बंद केलं की जीपीएस थांबतं आणि ॲप्सना तुमची जागा सहजासहजी कळत नाही. टॉवरशी असलेलं नातं मात्र तसंच राहतं, कारण ते तुटलं तर फोनच लागणार नाही. साध्या फोनच्या काळात दिवसभरात मोजक्याच नोंदी व्हायच्या. आता व्हॉट्सॲप आणि मागे चालू राहणारी ॲप्स सतत नेट ओढतात, त्यामुळे नोंदी दाट झाल्या आहेत.

नमुन्यादाखल एका फोनची सकाळ पाहा. ७:५२ डोंबिवली. ८:१५ ठाणे. ८:३४ घाटकोपर. मग नेट अडखळलेलं, काहीच नाही. ८:५८ ला एकदम परळ. तिथून संध्याकाळी साडेसहापर्यंत तोच टॉवर. एवढ्या पाच ओळींत एका माणसाचं घर, त्याची लोकल आणि त्याच्या कामाची जागा कळते. म्हणूनच या नोंदी सुट्या माणसाच्या रूपात कोणाच्याही हाती पडू नयेत (प्रश्न १३ पाहा).

३. टॉवरवरून जागा किती अचूक कळते?

मुंबईसारख्या दाट शहरात काही शे मीटरपर्यंत, गावाकडे काही किलोमीटरपर्यंत. तुम्ही रस्त्याच्या या बाजूला होता की त्या, हे कळत नाही. तिसऱ्या मजल्यावर की तेविसाव्या, हेही नाही. फसगती अनेक आहेत. फोन जागचा हलत नाही, पण दोन टॉवरांची ताकद जवळपास सारखी असली की तो कधी याला, कधी त्याला चिकटतो आणि नोंदीत माणूस धावपळ करताना दिसतो. खाडीकाठी पाण्यावरून सिग्नल लांब जातो, त्यामुळे या काठावरचा फोन पलीकडच्या टॉवरवर लागू शकतो. भुयारी मेट्रोत नेटवर्क गेलं तर माणूस एका ठिकाणी गडप होतो आणि पाच-सात किलोमीटरवर उगवतो. हे सगळं गाळून काढायला वेळ लागतो. अभ्यासाचा निम्मा वेळ याच सफाईत जातो, असं म्हटलं तरी चालेल.

४. या सगळ्याचा रोगराईशी काय संबंध? डास काही मोबाइल वापरत नाहीत.

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथे जरा थांबू.

पालिकेच्या दवाखान्यात तापाचा रुग्ण आला की केसपेपरवर घरचा पत्ता लिहिला जातो. डेंग्यू निघाला की त्या पत्त्यावर कर्मचारी जातात, पिंपं आणि फुलदाण्यांखालच्या ताटल्या तपासतात, धूरफवारणी होते. आता डेंग्यूचा डास पाहा. एडिस इजिप्ती दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी. तो फार लांब उडत नाही, बहुधा काही शे मीटरांच्या आतच आयुष्य काढतो. नालासोपाऱ्याला राहणारा गवंडी सकाळी सहाला घर सोडतो आणि रात्री नऊला परततो. दिवसाचे सगळे चावे तो लोअर परळच्या बांधकामावर खातो, जिथे तळघरात आणि लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचलेलं आहे. चावल्यापासून ताप यायला चार ते दहा दिवस लागतात. तोवर कुठे, कधी चावला हे त्याला आठवत नाही आणि विचारत तर कोणीच नाही. फवारणी नालासोपाऱ्याला होते, परळचा खड्डा तसाच राहतो, आणि तिथे काम करणारे बाकीचे विरारला, कळव्याला, मानखुर्दला आपापल्या घरी आजारी पडतात. कागदावर चार गावांत चार सुटे रुग्ण दिसतात. प्रत्यक्षात ती एकच साथ असते.

वर्दळीचा तक्ता इथे कामाला येतो. ज्या वस्त्यांत रुग्ण निघाले, तिथली माणसं दिवसा कुठे एकवटतात हे त्यावरून दिसतं. चार वस्त्यांचे प्रवाह एकाच भागात मिळत असतील, तर तपासणीचं पथक आधी तिकडे पाठवता येतं.

मलेरियाचं गणित उलटं आहे. मुंबईत तो पसरवणारा ॲनोफेलीस स्टीफेन्सी विहिरी आणि गच्चीवरच्या टाक्यांत वाढतो आणि रात्री चावतो. तिथे माणूस झोपतो कुठे, हे महत्त्वाचं. बांधकामावरचे मजूर बहुधा तिथेच झोपतात, म्हणजे त्यांच्यासाठी दोन्ही धोके एकाच जागी. शिवाय व्हायवॅक्स जातीचा परजीवी यकृतात महिनोन्‌महिने दबा धरून राहतो. गावाला लागलेला मलेरिया मुंबईत येऊन उलटू शकतो, आणि तेव्हा मागच्या दोन आठवड्यांच्या वर्दळीवरून काढलेला निष्कर्ष साफ चुकतो. आजार कसा पसरतो हे माहीत नसेल, तर टॉवरच्या नोंदी कितीही असल्या तरी त्या वाचता येत नाहीत.

५. हे कुठे खरोखर उपयोगी पडलं आहे, की नुसतं कागदावर आहे?

पडलं आहे. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला. अभ्यासकांनी तिथल्या सुमारे १९ लाख सिमच्या हालचालींवरून अंदाज काढला की राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्समधून सुमारे ६ लाख ३० हजार लोक बाहेर पडले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॉलरा आला, तेव्हा कंपनीकडून माहिती मिळाल्यापासून १२ तासांच्या आत विश्लेषण मदत संस्थांकडे गेलं. साथीत वेळेला किती किंमत असते हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना या १२ तासांचं मोल कळेल.

केनियात जून २००८ ते जून २००९ या काळातल्या सुमारे दीड कोटी ग्राहकांच्या नोंदी मलेरियाच्या नकाशाशी जोडल्या गेल्या. व्हिक्टोरिया सरोवराच्या भागातून प्रवाशांबरोबर परजीवी नैरोबीत येतात, हे त्यातून स्पष्ट झालं. पाकिस्तानात २०१३ च्या डेंग्यूच्या साथीत सुमारे ४ कोटी ग्राहकांच्या हालचालींवरून साथ पुढे कुठे आणि कधी पोचेल याचा अंदाज बांधला गेला. आपल्याला सगळ्यात जवळचं उदाहरण हेच. डास तोच, पावसाळाही जवळपास तोच.

६. कोविडमध्ये मुंबईसाठी असं काही झालं होतं का?

सर्वांना पाहता येईल असं जे उपलब्ध होतं ते गूगलचे मोबिलिटी अहवाल, एप्रिल २०२० ते ऑक्टोबर २०२२. ते टॉवरवरून नव्हते. ज्यांनी आपल्या गूगल खात्यात लोकेशन हिस्टरी, म्हणजे आपल्या जागांची नोंद, चालू ठेवली होती त्यांच्यावरून होते. ३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२० हा काळ आधार धरून स्टेशनं, दुकानं, कामाच्या जागा, घर इथला वावर किती टक्क्यांनी वाढला-घटला हे त्यात असे.

मुंबईत हे आकडे वाचताना लोकलचं कॅलेंडर शेजारी ठेवावं लागतं. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली. १५ जूनपासून ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी धावू लागली. १ फेब्रुवारी २०२१ पासून ठरावीक वेळांत सर्वांना मुभा मिळाली, एप्रिलमध्ये ती गेली, आणि १५ ऑगस्टपासून दोन डोस घेतलेल्यांना प्रवेश मिळाला. आलेखातल्या मोठ्या पायऱ्या वाचताना याच तारखा आधी तपासाव्या लागतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी शहराची जी संगणकीय प्रतिकृती केली, तिच्यातही घर, कामाची जागा आणि लोकल हे संसर्गाचे वेगवेगळे कप्पे धरले होते.

एक खाच मात्र तेव्हा अनेकांच्या नजरेतून सुटली. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये लाखो मजूर मुंबई सोडून गेले. शहर सोडून गेलेला माणूस आणि घरात बसलेला माणूस, दोघेही स्टेशनवर दिसेनासे होतात. “वावर घटला” या एका आकड्यात दोन्ही मिसळले. एक आपल्या चाळीत बसून सुरक्षित होता, दुसरा रस्त्याने चालत गावाकडे निघाला होता.

७. म्हणजे आरोग्य सेतू हेच होतं ना?

नाही. २ एप्रिल २०२० ला आलेलं आरोग्य सेतू ब्लूटूथ आणि जीपीएस वापरून एकेका माणसाचे संपर्क शोधत होतं. तिथे व्यक्ती महत्त्वाची होती. इथे आपण बोलतोय ते बेरजांबद्दल. लोकांच्या मनात दोन्हींची गल्लत होते आणि त्यातून बेरजांच्या अभ्यासालाही विरोध होतो. हा फरक प्रत्येक बैठकीत पहिल्या पाच मिनिटांत सांगावा, असं माझं मत आहे.

८. लहान मुलांकडे फोन नसतो, काहींकडे दोन सिम असतात. मग आकडा खरा कसा मानायचा?

जसाच्या तसा मानायचा नसतोच. सिम म्हणजे माणूस नव्हे. मुंबई टेलिकॉम सर्कलमध्ये, म्हणजे मोबाइल सेवेच्या मुंबई विभागात तर माणसांपेक्षा जोडण्या जास्त आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, स्वतः वापरते असा मोबाइल असलेल्या स्त्रियांचं प्रमाण देशात सुमारे ५४ टक्के होतं. घरातला फोन बहुतेक वेळा कामावर जाणाऱ्या पुरुषाबरोबर बाहेर पडतो. दिवसभर वस्तीत राहणारी बाई, बाळ आणि म्हातारी सासू नोंदीत नसतातच.

यावर उपाय म्हणजे भारांकन. जनगणना, सर्वेक्षण आणि प्रत्येक कंपनीचा बाजारातला वाटा घेऊन आकडे वर-खाली केले जातात. कोण कुठून कुठे जातं याचं प्रमाण अशाने बऱ्यापैकी सावरता येतं. केनियात हे तपासलं गेलं तेव्हा फोनच्या मालकीतल्या विषमतेचा प्रवासाच्या अंदाजांवर फार परिणाम झाला नाही, असं दिसलं. पण “या वस्तीत आज किती बाळं आहेत” असा प्रश्न मोबाइलला विचारूच नये. ते आशा सेविकेच्या वहीत असतं.

९. रात्रपाळीवाल्यांचं घर संगणकाला कसं कळतं?

बऱ्याचदा कळत नाही. रात्री आठ ते सकाळी सहा ज्या टॉवरवर सिम जास्तीत जास्त दिसतं ते घर, असा सर्वसाधारण नियम लावतात. मग इस्पितळातल्या सिस्टर, वॉचमन, विमानतळावरचे लोडर, दादरच्या फुलबाजारात पहाटे येणारे, ससून डॉकवर मासळी उतरवणारे या सगळ्यांचं घर चुकतं. दुसऱ्या शहरात असे लोक थोडे म्हणून सोडून देता येतील. मुंबईत ते सोडले तर मलेरियाचा नकाशाच बिघडतो (प्रश्न ४ पाहा). चांगले अभ्यास सुट्टीच्या दिवसांच्या नोंदी वेगळ्या काढतात आणि दिवसा लांब विश्रांती दिसली तर तिचाही विचार करतात.

१०. आमच्या चाळीला लागून मोठी इमारत आहे. दोघांचा टॉवर एकच. मग आमची परिस्थिती वेगळी कशी दिसणार?

दिसणार नाही. ही या पद्धतीची मुंबईतली सगळ्यात मोठी मर्यादा आहे. जुलै २०२० मध्ये एफ/उत्तर, एम/पश्चिम आणि आर/उत्तर या तीन वॉर्डांत रक्ततपासणीचं सर्वेक्षण झालं. झोपडपट्ट्यांत सुमारे ५७ टक्के लोकांत कोविडची प्रतिपिंडं, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण, सापडली, बाकीच्या वस्तीत सुमारे १६ टक्के. वॉर्ड तेच. कित्येक ठिकाणी टॉवरही तोच असणार. सार्वजनिक शौचालय, गल्लीची रुंदी, एका खोलीतली माणसं यांतलं काहीही टॉवरला दिसत नाही. म्हणून नुसत्या वर्दळीवरून वस्तीचा धोका ठरवणाऱ्या नकाशावर मी विश्वास ठेवत नाही. त्याला घरोघरच्या पाहणीची जोड असली तरच तो बघावा.

११. गणपती विसर्जन किंवा ६ डिसेंबरची गर्दी मोजून चेंगराचेंगरी टाळता येईल का?

मोजता येईल, टाळण्याची हमी देता येणार नाही.

आधी जमतं ते. चैत्यभूमीला येणारे असंख्य अनुयायी विदर्भ-मराठवाड्यातून येतात. त्यांची सिम दुसऱ्या सर्कलची असतात, त्यामुळे बाहेरून किती लोक आले, कुठल्या दिवशी येऊ लागले, किती दिवस राहिले याचा चांगला अंदाज लागतो. पाणी, फिरती शौचालयं, वैद्यकीय पथकं किती आणि कधीपासून लागतील हे त्यावरून ठरवता येतं. लालबाग किंवा गिरगाव चौपाटीसाठीही तेच.

आता न जमणारं. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्टेशनांना जोडणाऱ्या पुलावर २३ जणांचा जीव गेला. तो पूल अरुंद होता, पाऊस कोसळत होता, लोक आडोशाला थांबले होते. परळच्या टॉवरवर त्या दिवशी रोजच्याइतकीच सिम असणार. धोका होता काही मीटर रुंदीच्या जिन्यात. चौरस मीटरला पाच-सहा माणसांपुढे गर्दी गेली की माणसाचा स्वतःच्या चालण्यावर ताबा राहत नाही, आणि एवढ्या लहान जागेचं माप टॉवर देऊ शकत नाही. तिथे कॅमेरा, जिन्यावर उभा असलेला जवान आणि मुळात रुंद पूल लागतो.

आणखी एक खोच. गर्दी फारच वाढली की नेटवर्क कोलमडतं, फोन लागत नाहीत आणि नोंदी कमी होतात. गर्दी सर्वांत दाट असते त्याच वेळी आकडा खाली येऊ शकतो. मोठ्या दिवसांना कंपन्या गाडीवरचे तात्पुरते टॉवर आणून उभे करतात. त्यांची यादी मिळाली नसेल तर त्या दिवसाचा हिशेबच चुकतो.

१२. पुराच्या वेळी याचा काही उपयोग?

लेप्टोसाठी, म्हणजे साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापासाठी, मोठा. साचलेल्या पाण्यातून चालल्यावर बहुधा पाच ते चौदा दिवसांत ताप येतो, आणि पाण्यातून चाललेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घ्याव्यात असं पालिका दर पावसाळ्यात सांगते. हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन सबवे इथे पाणी भरलं तेव्हा तिथे अडकलेले लोक राहतात कुठे? दिवा, वसई, गोवंडी. ताप येईल तो तिथल्या दवाखान्यात. त्या दिवशीच्या वर्दळीवरून त्या भागांतल्या डॉक्टरांना आधीच सावध करता आलं, तर साधा ताप म्हणून घरी पाठवला जाणारा एखादा रुग्ण वेळेत सापडेल. अडचण हीच की मोठ्या पुरात नेटवर्कही बसतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा फोन बंद पडले होते. मग पाणी भरण्याच्या आधीच्या तासांतल्या नोंदींवर भागवावं लागतं.

१३. नाव आणि नंबर काढून टाकला की मला कोणी ओळखू शकत नाही, बरोबर?

चूक. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका युरोपीय देशातल्या १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. जागा आणि वेळ यांचे फक्त चार बिंदू माहीत असले की ९५ टक्के माणसं बाकीच्यांपासून वेगळी काढता येतात, असं आढळलं. प्रश्न २ मधली डोंबिवलीची सकाळ आठवा. त्या माणसाच्या शेजाऱ्याला त्यातले दोन बिंदू आधीच ठाऊक असतात.

म्हणून एकेका सिमचा माग, भले तो बिननावी असो, कंपनीच्या बाहेर जाऊ नये. बाहेर जावी ती बेरीज, तीही काही अटींवर. एखाद्या चौकटीत दहा-पंधराहून कमी माणसं असतील तर ती चौकट रिकामी ठेवायची. आकड्यांत मुद्दाम थोडी भेसळ करायची, म्हणजे एका माणसाच्या असण्या-नसण्याने उत्तर बदलत नाही. बेरीजसुद्धा फोडता येते हे विसरू नये. नोव्हेंबर २०१७ मध्ये स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपने धावण्याच्या वाटांचा एकत्रित नकाशा लावला, आणि २०१८ च्या जानेवारीत लक्षात आलं की त्यात दूर वाळवंटातले लष्करी तळ उजळून दिसताहेत.

१४. कायदा काय म्हणतो?

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात सांगितलं. टेलिकॉम परवान्यात ग्राहकाची माहिती गुप्त राखण्याची अट आहे, आणि डिसेंबर २०२१ पासून सीडीआर किमान दोन वर्षं जपून ठेवण्याचीही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. संशोधन आणि आकडेवारीसाठी या कायद्यात सूट आहे, पण त्या माहितीवरून एखाद्या विशिष्ट व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायचा नाही आणि ठरलेली मानकं पाळायची, अशा अटी आहेत. पहिली अट मला फार मोलाची वाटते. बेरजेवरून वॉर्डात फवारणी करा, पण एखाद्याला कामावरून काढू नका.

१५. उद्या हीच माहिती पोलिसांकडे किंवा आमच्या मालकाकडे गेली तर?

भीती निराधार नाही. सिंगापूरने ट्रेसटुगेदर हे ॲप फक्त कोविडसाठी म्हणून आणलं. जानेवारी २०२१ मध्ये सरकारने मान्य केलं की गुन्ह्याच्या तपासात पोलीस ती माहिती मागू शकतात. लोक संतापले आणि पुढच्याच महिन्यात तो वापर ठरावीक गंभीर गुन्ह्यांपुरता मर्यादित करणारा कायदा करावा लागला. आपल्या जवळचं सांगायचं तर २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी बेकायदा सीडीआर मिळवून विकणाऱ्यांना पकडलं होतं, त्यात खासगी गुप्तहेर होते.

पोलिसांना तपासासाठी सीडीआर मागवण्याची स्वतंत्र कायदेशीर वाट आधीपासून आहे. आरोग्याच्या अभ्यासाने तिच्यात भर घालू नये. अभ्यासकाकडे फक्त बेरजा असतील (प्रश्न १३ पाहा), तर कोणी दार ठोठावलं तरी देण्यासारखं काही त्याच्याकडे नसतं. त्याने दिलेल्या शब्दापेक्षा मला हा बंदोबस्त जास्त भरवशाचा वाटतो.

१६. नकाशावर आमची वस्ती लाल दिसली की लोक आम्हाला कामावर घेत नाहीत. याचं काय?

या प्रश्नाला तांत्रिक उत्तर नाही, आणि माझ्या मते तो बाकी सगळ्यांपेक्षा जास्त गांभीर्याने घ्यायला हवा. २०२० मध्ये धारावीचा पत्ता सांगितला की कामं जायची.

हे मुंबईने आधीही पाहिलं आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले. सक्तीने इस्पितळात नेतात म्हणून घरच्यांनी आजारी माणसं लपवली. ऑक्टोबरात गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या संसर्गजन्य रोगांच्या इस्पितळावर, आजच्या कस्तुरबावर, हल्ला केला. लोकांना आरोग्य खात्याची दहशत बसली की ते लपतात, पळतात, आणि आजार त्यांच्याबरोबर जातो. आज लाल नकाशा पाहून एखाद्या वस्तीने फोन घरी ठेवून बाहेर पडायला सुरुवात केली, तर आपण स्वतःच आपले डोळे बांधून घेतले असं होईल.

म्हणून तीन गोष्टींचा मी आग्रह धरते. वस्तीच्या नावाचा नकाशा जाहीर करू नये, तो काम करणाऱ्या पथकापुरता ठेवावा. नकाशात रुग्णांच्या घरापेक्षा डासांची पैदास, साचलेलं पाणी, अरुंद जिना अशा जागा दाखवाव्यात, म्हणजे बोट त्या जागेच्या मालकाकडे जातं. आणि वस्तीतल्या मंडळांना, बचत गटांना आधी दाखवून मग पुढे जावं. त्यांना वेळ लागतो, प्रश्न पडतात, कधी ते नकार देतात. तो नकार ऐकावा.

१७. मला यातून माझ्यापुरतं बाहेर पडायचं आहे. काय करू?

ॲपच्या बाबतीत सोपं आहे. फोनच्या सेटिंग्जमध्ये एकेका ॲपची लोकेशन परवानगी काढा किंवा “वापरताना फक्त” अशी ठेवा, आणि गूगल मॅप्समधली टाइमलाइन, म्हणजे पूर्वीची लोकेशन हिस्टरी, पुसा. टॉवरच्या नोंदींतून मात्र फोन चालू असेपर्यंत बाहेर पडता येत नाही, कारण त्या परवान्याच्या अटीनुसार ठेवाव्याच लागतात (प्रश्न १४ पाहा). त्या आरोग्याच्या बेरजेत धरू नयेत असं कंपनीला कळवण्याची सोपी सोय ग्राहकाला मिळायला हवी. कितीजणांनी नकार दिला हे कळलं तर आकडे त्याप्रमाणे दुरुस्त करता येतात (प्रश्न ८ पाहा), त्यामुळे अभ्यास बिघडेल ही सबब चालणार नाही.

१८. मी एमपीएचची (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) विद्यार्थिनी आहे. कंपनी डेटा देत नाही. प्रबंध कसा करू?

कंपनीच्या दारात महिने घालवू नकोस. गूगलचे मोबिलिटी आकडे बंद झाले असले तरी जुने उतरवून घेता येतात. २०११ च्या जनगणनेत कामाला जाणाऱ्यांचं अंतर आणि वाहन यांचे तक्ते आहेत, ते जुने आहेत पण पाया म्हणून चालतात.

आणि त्याआधी एखाद्या ओपीडीत पावसाळाभर बस. नैतिक समितीची परवानगी घे, मग तापाच्या प्रत्येक रुग्णाला तीन प्रश्न विचार: मागचे दोन आठवडे दिवसा कुठे होतात, रात्री कुठे झोपलात, साचलेल्या पाण्यातून चाललात का. उत्तरं रुग्णाच्याच शब्दांत लिही. “साइटवर”, “शेठच्या गोदामात”, “मावशीकडे कळव्याला”. केसपेपरवर पत्त्याची एकच ओळ असते, तिच्याखाली दुसरी ओळ आखून घे. पुढे कधी टॉवरचा तक्ता हाती आलाच, तर तो बरोबर आहे की नाही हे तपासायला तुझ्याकडे हीच वही असेल.